दाभोळची खाडी आणि आदर्श समाज

आदर्श समाज कसा असावा, ह्यावर प्लेटोपासून आजपर्यंत पुष्कळ ग्रंथ झाले. एकमत मात्र झालें नाहीं. असें कां व्हावें, हें ग्रंथांपेक्षां दाभोळच्या खाडीवर अधिक स्पष्ट दिसतें.

वासिष्ठी समुद्रास मिळते तेथें उत्तर तीरावर हें जुनें बंदर आहे. बहामनी काळांत अरबी घोडे येथें उतरत. पुढें तें विजापूरकरांकडे गेलें. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज सरदार आल्मेदा ह्यानें तें जाळून बेचिराख केलें. नगराचें बरेंवाईट त्या काळीं तरवार ठरवीत असे. रयतेस कोण विचारतो?

पुढें ह्याच नांवानें दुसरा वाद गाजला. दक्षिण तीरावर अंजनवेल व वेलदूर ह्या गांवांलगत वीजकेंद्र उभारण्यासाठीं, एन्रॉन ह्या अमेरिकन कंपनीनें काढलेल्या 'दाभोळ पॉवर कंपनी'शीं राज्याच्या वीज मंडळानें १९९३ सालीं करार केला. पुरस्कर्त्यांच्या दृष्टीपुढें मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट न पाहणारें, उद्योगांनीं गजबजलेलें कोंकण होतें; विरोधकांच्या दृष्टीपुढें आंबा, भात व मासळी ह्यांवर स्वाभिमानानें जगणारें. राज्यांत सत्तांतर झालें आणि ऑगस्ट १९९५ मध्यें करार मोडला. पुढच्याच वर्षीं तो अटी बदलून पुन्हां जोडला. १९९७ सालीं वेलदूरच्या कोळणींस अटक झाली. १९९९ मध्यें ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा चालू झाला. परंतु विजेचा दर मंडळास झेपेना, आणि २००१ मध्यें केंद्र बंद पडलें. त्याच वर्षीं एन्रॉनचें दिवाळें वाजलें. केंद्र पुन्हां चालू झालें तें २००६ मध्यें, नव्या कंपनीच्या हातीं.

ह्यावरून विरोधकांचेंच चित्र खरें ठरलें, असें म्हणणें सोपें असलें तरी न्याय्य नव्हे. पोटासाठीं मुंबई गांठणाऱ्या तरुणाचा प्रश्न कंपनीबरोबर बुडाला नाहीं. उलट तो प्रश्न खरा होता, म्हणून करार चोख ठरत नाहीं. दिवा दोन्ही पक्षांस हवा होता. त्याचें मोल कोणीं द्यावें, आणि तें कोणीं ठरवावें, येथें तंटा होता. ज्यांनीं मोल द्यावयाचें त्यांच्यापासून करारांतील अटी गुप्त ठेविल्या होत्या. एवढ्यापुरतें १५०८ आणि १९९३ ह्यांतील अंतर वाटतें तितकें मोठें नाहीं.

आदर्शाच्या चित्रावर सर्वांचें एकमत होणें दुर्घट आहे, व बहुधा तें होऊंही नये. परंतु ज्याच्या अंगणांतून आदर्शाचा रस्ता जावयाचा, त्यास आधीं विचारावें व हिशेब उघडा दाखवावा, इतक्यावर तरी एकमत होण्यास हरकत नसावी.