लोणारचा खार, हुक्क्याची काच

‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना अबुल फजल लोणारपाशी येतो आणि सांगून जातो, की इथल्या डोंगरांत काच आणि साबण या दोन्हींना लागणारा माल सापडतो. काच आणि साबण, एका दमात! हुक्क्याचं काचेचं भांडं खाराच्या पाण्याने धुवायची रीत कुठली, या प्रश्नाचं उत्तर मला तरी या ओळीत दिसतं.

लोणारच्या सरोवराचं पाणी खारट तर आहेच, पण त्याहून जास्त ते अल्कधर्मी आहे. सामू साधारण दहा. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर सोड्याचा थर धरायचा. लोक तो खरवडून काढत, प्रतीप्रमाणे डल्ला, पापडी अशी नावं देत आणि विकत. नुसती वाळू वितळवायला सतराशे अंशांच्या आसपास आच लागते. सोडा घातला की भट्टी बऱ्याच कमी आचेवर भागते. हाच सोडा चुन्याच्या निवळीत कालवला की दाहक होतो, आणि तेलात शिजवला की साबण. म्हणजे काच आणि तिला धुणारा साबण ही एकाच खाराची सख्खी भावंडं. हा लोणारचा योगायोग म्हणावा, तर गुजरातेतलं कपडवंज काच आणि साबण या दोन्ही धंद्यांसाठी नावाजलेलं होतं. व्हेनिसही सीरियाची राख आणायचं ती मुरानोच्या भट्ट्यांसाठी आणि साबणाच्या कढयांसाठीही.

आता हुक्का. तो अकबराचा हकीम अबुल फत्ह गिलानी याने काढला, ही गोष्ट जिथे तिथे छापलेली असते. हकीम वारला 1589 मध्ये. तंबाखू अकबरासमोर आली ती 1604-05 च्या सुमारास, असद बेगने विजापुराहून आणली तेव्हा. मेलेल्या हकिमाने न आलेल्या तंबाखूसाठी पाणी भरून ठेवलं, असं मानायची माझी तयारी नाही. खुद्द अबुल फजलही तंबाखू यायच्या आधी, 1602 मध्येच मारला गेला होता. तंबाखू दख्खनेतून वर गेली एवढं मात्र पक्कं. अठराव्या शतकात हुक्क्याची भांडी सोनेरी वेलबुट्टीच्या हिरव्या-निळ्या काचेची होऊ लागली. तसे नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. काचेतून तळाचा चिकट, तपकिरी थर दिसतो. बिदरीच्या धातूच्या भांड्यात तो झाकून जायचा. तेव्हा धुणं आलंच, आणि धुवायला हाताशी होता तो खार. हा माझा तर्क, पण मी तो सोडणार नाही.

विरोधी मत असं, की ही रीत प्रयोगशाळेतून आली. त्यात दम आहे. पूर्वी प्रयोगशाळेत काच धुवायची ती डायक्रोमेट आणि गंधकाम्लाच्या जहाल मिश्रणात. त्याला पर्याय म्हणून अल्कधर्मी भुकट्या आल्या. न्यूयॉर्कची अल्कोनॉक्स कंपनी 1946 पासूनची. पुढे अमेरिकेत बॉब स्नॉडग्राससारख्या कारागिरांनी प्रयोगशाळेच्याच बोरोसिलिकेट काचेचे पाइप फुंकले, आणि काचेपाठोपाठ तिची भुकटीही पाइपवाल्यांकडे गेली असणार. त्यांच्यापुरतं हे मला मान्य. पण त्या भुकटीच्या एक टक्का द्रावणाचा सामू किती? साडेनऊ. लोणारच्या पाण्याच्या अगदी शेजारी.

आकडा तिथेच येतो, याला कारण आहे. धुराच्या राळेत मेणचट आणि आम्लधर्मी पदार्थ असतात. खार आम्लांचे क्षार बनवतो, ते पाण्यात उतरतात. उरलेला मेणचटपणा साबणाचे रेणू उचलून नेतात. कोमट पाण्यात भांडं भिजत ठेवलं की आधी थराच्या कडा सुटतात, मग पापुद्रे निघून पाणी चहासारखं होतं. मानेत बाटलीचा ब्रश फिरवायचा आणि पाणी बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत विसळायचं.

सामू याच्या फार वर नेला, तर ज्या खाराने काच घडवली तोच तिला खातो. कॉस्टिक सोड्याच्या कडक द्रावणात, त्यातही गरम, काच धुरकट होते, आणि तो धुरकटपणा घासून जात नाही. शिवाय डोळ्यांना, कातडीला धोका. म्हणून सौम्य भुकटी, हातात रबरी मोजे, आणि थंड काचेवर एकदम कढत पाणी नाही. हुक्क्याची साधी सोडा-काच बोरोसिलिकेटपेक्षा लवकर तडकते. ब्लीच किंवा व्हिनेगर त्यात मिसळायचं नाही. आणि ॲल्युमिनियमची नळी असेल तर ती आधी काढून ठेवायची, कारण खार तिला काचेच्याही आधी खातो.