कुत्रा कोणी पाळायचा? लर्चर, शिकारीचे कायदे आणि गुन्हा ठरवलेले शहाणपण

कुत्रा कोणी पाळावा हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पण ज्या प्रश्नावर राजे आणि संसदा शतकानुशतके कायदे करत राहतात, तो प्रश्न क्षुल्लक नसतो. इंग्लंडमध्ये गरिबाच्या दारात कोणता कुत्रा असावा यावर १३९० साली कायदा झाला. त्याच गरिबांच्या वंशजांच्या कुत्र्यांवर २०२२ सालीही कायदा झाला. या दोन कायद्यांच्या मधल्या काळात जो कुत्रा घडला, त्याचे नाव लर्चर. त्याचे पिल्लू कसे वाढवतात आणि त्याला काय शिकवतात हे नीट पाहिले, तर सत्तेचा एक अख्खा इतिहास वाचता येतो. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

लर्चर ही कुत्र्याची शुद्ध जात नव्हे. ग्रेहाउंड, व्हिपेट किंवा डिअरहाउंड असा नजरेने सावज हेरून धावणारा कुत्रा एका बाजूला आणि मेंढरे राखणारा कॉली किंवा बेडलिंग्टन टेरियर दुसऱ्या बाजूला, या दोघांचा संकर म्हणजे लर्चर. ग्रेहाउंडकडून वेग येतो. कॉलीकडून अक्कल, चिवटपणा आणि माणसाचे ऐकण्याची सवय येते. टेरियरकडून खरखरीत केस आणि काट्याकुट्यात घुसण्याची हिंमत येते. नुसता ग्रेहाउंड मोकळ्या मैदानात वाऱ्यासारखा धावतो, पण त्याची कातडी पातळ असते, कुंपणाच्या तारेत फाटते. शेतमजुराला, खाणकामगाराला, भटक्या रोमा आणि आयरिश ट्रॅव्हलर कुटुंबांना शोभेचा कुत्रा परवडणारा नव्हता. त्यांना रात्री चुलीवर ससा शिजेल असा कुत्रा हवा होता.

नावातच शिवी आहे. जुन्या इंग्रजीत ‘लर्च’ म्हणजे दबा धरून, लपतछपत वावरणे. काही जण हे नाव रोमानी भाषेतल्या चोर या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. कोणतीही व्युत्पत्ती घ्या, बोट मालकाच्या चारित्र्याकडेच जाते. जमीनदाराचा कुत्रा ‘हाउंड’ आणि मजुराचा कुत्रा ‘लपंडाव करणारा’. नाव कोण देतो हे पाहिले की सत्ता कोणाकडे आहे ते कळते.

आता पिल्लाचे शिक्षण पाहू. साधारण आठ आठवड्यांचे पिल्लू घरी येते. पहिले कित्येक महिने शिकारीचा विषयच नसतो. नाव ओळखणे, हाक मारली की येणे, सांगितले की बसून राहणे, एवढेच. मग आणून देण्याचा खेळ सुरू होतो. घरातल्या अरुंद बोळात गुंडाळलेला मोजा फेकायचा. दोन्ही बाजूंना भिंत असल्यामुळे पिल्लाला तो घेऊन दुसरीकडे पळता येत नाही. ते वळते ते मालकाकडेच. दोन-तीन वेळा फेकून, पिल्लू कंटाळण्याआधी थांबायचे. तोंडातून वस्तू हिसकायची नाही. हिसकली तर पिल्लू दात आवळायला शिकते आणि पुढे सावज चिरडून आणते. काही आठवड्यांनी त्याच मोज्यावर सशाचे वाळवलेले कातडे गुंडाळायचे.

याच वयात पिल्लाला दोरीने धरून मेंढरे आणि कोंबड्या दाखवतात. मेंढराच्या मागे धावण्याची खोड लागलेला कुत्रा शेतकऱ्याच्या गोळीला बळी पडतो. सशाच्या बिळात सोडायचा फेरेट हा मुंगसाच्या बांध्याचा पाळीव प्राणी असतो, त्याच्याशीही लवकर ओळख करून देतात. गुडघ्याएवढ्या फळीवरून उडी मारायला शिकवतात आणि उंची हळूहळू वाढवतात, कारण पुढे वाटेत कुंपणे येणार असतात. पण पहिले वर्षभर पिल्लाला जोरात पळवत नाहीत. हाडे कच्ची असतात, सांधे कायमचे बिघडतात. घाईने तगड्या रानसशावर सोडलेले पिल्लू पुन्हा पुन्हा हरते आणि एक दिवस धावता धावता मधेच थांबते. मनाने एकदा हरलेला कुत्रा परत उभा करणे फार अवघड असते. म्हणून पहिली सावजे सोपी देतात. दिवसाउजेडी फेरेटने बिळातून बाहेर हुसकलेला ससा पिल्लाला पकडू देतात.

शेवटचा धडा रात्रीचा. चंद्र नसलेली, वारा सुटलेली रात्र निवडतात. वाऱ्यात पावलांचा आवाज विरून जातो. दिव्याच्या झोतात ससा दिसला की कुत्रा सोडायचा. ससा निसटला की दिवा विझवायचा, म्हणजे कुत्रा अंधारात शोधत न बसता परत येतो. ससा सापडला तर तो जिवंत आणि अखंड मालकाच्या हातात द्यायचा. आणि या सगळ्यात एकदाही भुंकायचे नाही. धावताना तोंड उघडणारा कुत्रा कितीही वेगवान असला तरी जाणकार त्याला कमी किमतीचा धरतात.

मित्रांनो, इथे थांबून विचारले पाहिजे. गप्प का राहायचे? अंधारात का परतायचे? सावज हातातच का द्यायचे? ही नुसती कुत्र्याची कला आहे काय?

उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. नॉर्मन राजांनी इंग्लंडचे मोठमोठे प्रदेश राजवन म्हणून राखले. तिथे राहणाऱ्यांच्या मोठ्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन बोटे छाटत, म्हणजे कुत्रा हरणामागे धावू नये. १२१७ चा वनांचा जाहीरनामा स्वातंत्र्याचा दस्तऐवज म्हणून गौरवला जातो. त्याने ही प्रथा बंद केली नाही. तिची तपासणी दर तीन वर्षांनी व्हावी आणि बोटे न छाटलेल्या कुत्र्यामागे तीन शिलिंग दंड असावा, एवढाच नियम त्याने घालून दिला.

१३८१ मध्ये इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी बंड केले. नऊ वर्षांनी, १३९० मध्ये, कायदा आला. ज्याच्या जमिनीचे उत्पन्न वर्षाला ४० शिलिंगपेक्षा कमी आहे त्याने ग्रेहाउंड किंवा शिकारी कुत्रा, फेरेट आणि जाळी ठेवू नये, ठेवल्यास एक वर्ष कैद. कारणही कायद्यातच लिहिले होते. सणाच्या दिवशी भले लोक चर्चमध्ये असताना कारागीर आणि मजूर कुत्रे घेऊन शिकारीला जातात, आणि त्या निमित्ताने एकत्र जमून धन्यांविरुद्ध कट करतात. भीती हरणाच्या जिवाची नव्हती, गरिबांच्या एकत्र येण्याची होती. आपल्या वाचकांना ही भीती ओळखीची वाटेल.

१६७१ च्या कायद्याने हद्द केली. वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन नसेल तर शिकारीचे साहित्य ठेवता येणार नाही. निषिद्ध वस्तूंच्या यादीत बंदुका, जाळी, फासे, ग्रेहाउंड आहेत आणि ‘लर्चर’ हे नावही आहे. जमीनदाराच्या राखणदाराला गरिबाच्या घरात शिरून कुत्रा जप्त करण्याचा अधिकार मिळाला. त्या काळी संसदेच्या निवडणुकीत मत द्यायला ४० शिलिंगांची, म्हणजे २ पौंडांची जमीन पुरत होती. तित्तिर मारायला त्याच्या ५० पट मालमत्ता लागते, यावर इंग्रजी कायद्याचा मोठा भाष्यकार ब्लॅकस्टोन यानेही बोट ठेवले होते.

पुढे गावाची गायराने आणि कुरणे कुंपणात गेली आणि मजुराचे पोट आणखी खपाटीला गेले. १८२८ च्या कायद्याने रात्री ससा धरताना तिसऱ्यांदा सापडलेल्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपार करता येऊ लागले. १८३१ मध्ये मालमत्तेची अट गेली, पण सावजाची मालकी जमीनवाल्याकडेच राहिली. १८६२ मध्ये पोलिसांना रस्त्यावर संशयिताला अडवून झडती घेण्याचा अधिकार मिळाला.

आता पिल्लाचे धडे पुन्हा वाचा. भुंकले तर राखणदार येतो, म्हणून गप्प. मालकाला उजेडात सावज शोधत फिरता येत नाही, म्हणून सावज हातात. पकडले गेलो तर पोरे उपाशी, म्हणून पहिल्या हाकेला परत. आमचे म्हणणे असे की लर्चरचे शिक्षण ही त्या कायद्यांची उलटी छापलेली प्रत आहे. ज्यांना शाळा नव्हती त्यांनी प्राण्याची वाढ, हाडांचे वय, वाऱ्याची दिशा, भीती आणि धीर यांचे शास्त्र तयार केले. ते तोंडी एका पिढीकडून दुसरीकडे गेले. जमीनदाराच्या दप्तरात मात्र त्याची नोंद ‘चोरी’ अशी झाली.

त्याच काळात उमराव काय करत होते? तेही कुत्र्यांनी ससेच मारत होते. फक्त त्याला खेळ म्हणत होते. १८३६ मध्ये सुरू झालेल्या ‘वॉटरलू कप’ स्पर्धेत दोन ग्रेहाउंड एका रानसशामागे सोडत आणि गुण मोजत. ही स्पर्धा २००५ पर्यंत चालली. भुकेसाठी धरलेला ससा गुन्हा आणि गंमतीसाठी पळवलेला ससा प्रतिष्ठा! १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला, वंशावळी छापल्या जाऊ लागल्या. लर्चरला तिथे जागा नाही, कारण तो संकराचा. त्याची पारख कामावर होते, कुळावर नाही.

इथे आपला संबंध येतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात वर्णसंकराची भीती आहे आणि त्याच अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, कुत्री आणि गाढवे हेच त्याचे धन असावे, अशी आज्ञा आहे. इंग्लंडच्या कायद्याने गरिबाकडून कुत्रा काढून घेतला, मनूने अस्पृश्याला कुत्र्याशिवाय काही ठेवू दिले नाही. दिशा उलटी, हेतू एकच. कोणाकडे काय असावे हे वरच्याने ठरवायचे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले गेले ते हे ठरवण्याचे अधिकारपत्र होते.

पण दोन्ही व्यवस्था एकच आहेत असे आम्ही म्हणणार नाही. ब्रिटिश मजुराकडे १०० पौंडांची जमीन आली असती तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी कायद्याने शिकारी ठरला असता. जातीला अशी किंमत भरून सुटका नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी म्हटले, त्याचा अर्थ हाच. आणि कुत्र्यांचे वंश आणि माणसांच्या जाती यांची तुलनाही चालणार नाही. कुत्र्यांचे वंश माणसाने निवडून पैदा केले. माणसांच्या जाती मात्र धर्मग्रंथांनी आणि हितसंबंधांनी लादल्या.

खरा दुवा आणखी एक आहे. गरिबाच्या घराची झडती घ्यायला सरावलेल्या याच राज्यकर्त्या वर्गाने भारतात १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचवला. फासे लावणारा पारधी जन्मतःच गुन्हेगार ठरला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, नजर गेली नाही. वस्त्यांवर काम करताना आम्ही पाहतो, गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर येते.

काही बौद्ध बांधव विचारतील, पंचशील मानणाऱ्यांनी शिकाऱ्याची बाजू का घ्यावी? आम्ही शिकारीची बाजू घेत नाही. सशालाही जीव आहे, आणि प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे शील आम्हाला मान्य आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांनी सस्तन वन्य प्राणी मारण्यावर बंदी आली. ससे धरण्याला त्यात अटींवर सूट आहे, रानसशामागे कुत्रे सोडायला नाही. आज पैजा लावून रानससे पळवणाऱ्या टोळ्या शेतकऱ्यांची उभी पिके तुडवतात, धमक्या देतात. तो त्रास खोटा नाही. पण करुणा खालच्यांसाठी कायदा आणि वरच्यांसाठी परंपरा होते तेव्हा ती करुणा राहत नाही. २०२२ च्या ज्या ब्रिटिश कायद्याने रानसशामागे कुत्रे सोडण्याची शिक्षा वाढवली, त्याच कायद्याने परवानगीविना तळ ठोकणाऱ्या भटक्यांची राहती वाहने जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना दिला. एकाच कागदावर ससा वाचवला आणि माणसाचे घर काढून घेतले.

म्हणून आमचे तरुण कार्यकर्त्यांना सांगणे आहे. कोणत्याही समाजावर ‘गुन्हेगार’ असा शिक्का दिसला की आधी कायद्याची तारीख बघा, मग त्या वेळी जमीन कोणाकडे होती ते बघा. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या पारध्याला, वडाराला, कैकाड्याला त्याच्या कामातले काय काय येते ते विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. तो धंदा पुढे चालावा म्हणून नव्हे. त्याच्या नातवाने शाळेत मान वर करून सांगावे म्हणून, की आमच्या घरात चोरी नव्हती, विद्या होती. पोलिसांच्या वहीत त्याच्या आज्याचे नाव आधीच लिहिलेले आहे. आपल्या वहीतही ते आले पाहिजे, आणि तिथे ते जाणकार म्हणून आले पाहिजे.

जय भीम!