पुस्तक आहे, पण सापडत नाही!



विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिल्यांदा संशोधनासाठी गेलेल्या बहुतेकांना एक अनुभव येतो. विषय डोक्यात पक्का असतो. संगणकावर आपण तो टंकतो, आणि उत्तर येतं की अशी नोंद नाही. नाहीतर एवढ्या नोंदी येतात की वाचता वाचता दुपार जाते. मग आपण म्हणतो, ‘या ग्रंथालयात आपल्या विषयाचं काही नाही.’

हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो. साहित्य तिथेच असतं, फक्त ते वेगळ्या नावाखाली, वेगळ्या कपाटात असतं. ग्रंथालयाची एक भाषा असते आणि ती आपल्याला कोणी शिकवलेली नसते. ती भाषा भारतात कशी आली, कोणी घडवली आणि ती समजली तर आपला शोध कसा सोपा होतो, हे आज पाहू.

सुरुवात १८५७ पासून करू. त्या वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली. पण ती मुख्यतः परीक्षा घेऊन पदव्या देणारी विद्यापीठं होती. शिकवणं कॉलेजांत चालायचं, त्यामुळे विद्यापीठाला मोठं ग्रंथालय हवंच, असं कोणाला फारसं वाटत नव्हतं. मुंबईत १८६४ साली प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. पुढे आणखी दोन लाख दिले ते मनोऱ्यासाठी. त्यांच्या आईच्या नावाचा तो राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. आजही त्या इमारतीपुढे माणूस मान वर करून उभा राहतो.

पण देखणी इमारत झाली म्हणजे आतलं पुस्तक सापडतंच असं नाही. त्या काळी अनेक ग्रंथालयांत पुस्तकाचा क्रमांक कपाटाला बांधलेला असे: अमुक कपाट, तमुक फळी, इतकावं पुस्तक. नवं पुस्तक आलं की जिथे जागा असेल तिथे जायचं. त्यामुळे एकाच विषयाची पाच पुस्तकं पाच कोपऱ्यांत. यादी छापील असायची, म्हणजे छापून बाहेर पडेपर्यंतच जुनी झालेली. आणि कपाटांना कुलूप. वाचकाने चिठ्ठी लिहायची, शिपायाने पुस्तक आणून द्यायचं. जे पुस्तक आहे हेच ठाऊक नाही, त्याची चिठ्ठी कोण लिहिणार?

हे चित्र बदलण्याची मोठी सुरुवात एका संस्थानात झाली. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेत गेले आणि तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहून आले. राज्यात शिक्षण सक्तीचं करत होते, तेव्हा शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही मिळालं नाही तर तो शिकलेलं विसरेल, हे त्यांनी ओळखलं. १९१० साली त्यांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. बॉर्डनने पुस्तकांचं वर्गीकरण लावलं, १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला, गावोगाव फिरत्या ग्रंथपेट्या जाऊ लागल्या. १९१२ पासून बडोद्याहून ग्रंथालयाच्या विषयावरचं एक नियतकालिक निघू लागलं, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. आपल्यापैकी जे बडोद्यात राहतात त्यांनी या गोष्टीचा जरूर अभिमान बाळगावा.

बडोद्यानंतर लाहोर. १९१५ साली पंजाब विद्यापीठाने आसा डॉन डिकिन्सन या दुसऱ्या अमेरिकनाला आणलं. तो मेल्विल ड्यूईचा विद्यार्थी. १८७६ साली प्रसिद्ध झालेली ड्यूईची दशांश पद्धत त्याने तिथे लावली. सगळं ज्ञान शून्यापासून नवापर्यंत दहा भागांत वाटायचं, प्रत्येक भागाचे पुन्हा दहा, त्याचे पुन्हा दहा. क्रमांक आता कपाटाला नव्हे, विषयाला चिकटला. कपाट हलवलं तरी पुस्तक आपल्या भावंडांजवळच राहणार.

पण ही पद्धत अमेरिकेत बसून केलेली होती, आणि ते तिच्या अंगावर दिसतं. धर्म या भागाला २०० ते २९९ असे क्रमांक. त्यातला फार मोठा वाटा ख्रिस्ती धर्माला आणि जगातले बाकी सगळे धर्म मिळून २९० च्या दहा घरांत. साहित्यात इंग्रजीला स्वतंत्र ८२०. मराठी साहित्य मात्र ‘इतर भाषा’ असलेल्या ८९० मध्ये, आणि तिथेही दशांश चिन्हाच्या पुढे: ८९१.४६. ज्ञानेश्वरांपासून आजच्या कादंबरीपर्यंत सगळं त्या एका अंकामागे.

आता येतो या गोष्टीचा मुख्य माणूस. शियाळी रामामृत रंगनाथन. जन्म १८९२, तंजावर जिल्ह्यातल्या शियाळीचा. म्हणजे जिथे भोसल्यांनी पावणेदोनशे वर्षं राज्य केलं, त्याच मुलखातला. हा गणिताचा प्राध्यापक. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि काही दिवसांतच कंटाळला. वर्गात मुलांपुढे बोलायची सवय, इथे शांतता आणि धूळ. त्याने परत कॉलेजात पाठवा म्हणून आर्जव केलं. त्याला सांगण्यात आलं की आधी ठरल्याप्रमाणे इंग्लंडला जाऊन ये, नंतरही कंटाळा आला तर बघू.

लंडनमध्ये तो युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स यांच्याकडे वर्गीकरण शिकला आणि शंभराहून अधिक ग्रंथालयं फिरून आला. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत कामगारापासून मुलापर्यंत सगळे येत होते, उघड्या फळ्यांवरून स्वतः पुस्तक काढत होते. हे पाहून कंटाळा पळाला. आणखी एक गोष्ट घडली. लंडनच्या एका मोठ्या दुकानात त्याने मेकॅनो नावाचं खेळणं पाहिलं. त्याच पट्ट्या, तीच चाकं, तेच स्क्रू, पण जोडाल तसं वेगळं खेळणं तयार. गणित्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ड्यूईने विषयांची तयार घरं केली होती. रंगनाथन म्हणाला, घरं कशाला? सुटे भाग द्या, विषय आपण जोडू. ते भाग जोडायला त्याने अपूर्णविरामाचं चिन्ह घेतलं. म्हणून ती कोलन पद्धत. ती १९३३ साली प्रसिद्ध झाली.

त्याआधी १९३१ साली त्याने ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली होती. आपल्या शब्दांत सांगायचं तर पुस्तकं जपून ठेवायला नसून वापरायला आहेत, वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, पुस्तकालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, आणि ग्रंथालय वाढत राहतं. ऐकायला साधी वाटतात. पण कुलूपबंद कपाटांच्या देशात ही सूत्रं म्हणजे कुलूप काढण्याचा हुकूमच होता.

आज आपल्याकडे अनेक विद्यापीठांत ड्यूईच वापरतात, कोलन पद्धत मागे पडली. तरी रंगनाथनची विचार करण्याची रीत संशोधकाच्या आजही कामी येते. तो म्हणे, कुठल्याही विषयात पाच पैलू शोधा: मुख्य वस्तू कोणती, ती कशाची, तिचं काय होतं, कुठे, आणि केव्हा.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला १८७६ ते ७८ च्या दुष्काळात सोलापूरच्या विणकरांचं काय झालं, यावर लिहायचं आहे. हे अख्खं वाक्य संगणकात टाकलं तर हाती बहुधा काही लागणार नाही. आता सुटे भाग करा. विणकर: हे वस्त्रोद्योगात, ६७७ मध्ये, आणि जातींवरच्या पुस्तकांत. दुष्काळ: हा समाजशास्त्र-अर्थशास्त्राच्या ३०० मध्ये, आणि तिथेच १८८० च्या दुष्काळ आयोगाचा अहवाल. सोलापूर: हे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये, विसावा खंड, १८८४ चा. महाराष्ट्राचा इतिहास: ९५४.७९२. चार फळ्या झाल्या. शीर्षकात ‘सोलापूरचे विणकर’ असलेलं पुस्तक कदाचित एकही नसेल, पण प्रकरणं, तक्ते आणि परिच्छेद मिळून तुमचा विषय तिथे आहे.

दुसरी अडचण नावांची. इंग्रजांच्या कागदांत सोलापूर हे ‘शोलापूर’ आहे, पुणे ‘पूना’, ठाणे ‘ठाणा’, तंजावर ‘तांजोर’ आणि मराठे कधीकधी ‘माहराटा’. रोमन लिपीत नोंदलेल्या मराठी पुस्तकात शिवाजीचा ‘शि’ अनेकदा नुसत्या ‘एस’ने लिहिलेला असतो. लेखकांचंही तसंच: कुसुमाग्रज आणि शिरवाडकर, गोविंदाग्रज आणि गडकरी, दोन्ही नावांनी शोधायला हवं. संगणकाला आपल्यासारखं ‘तेच ते’ कळत नाही.

तिसरी गोष्ट अशी की ग्रंथालयाच्या यादीआधी सूची उघडा. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली, पुढच्या खंडात १९५० पर्यंत आणली. एका माणसाने डोंगराएवढं काम करून ठेवलंय. काय छापलं गेलं हे त्यातून कळतं, मग ते कुठे आहे हे विचारता येतं. प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. २००९ च्या नियमांनुसार पीएच.डी.चे प्रबंध तिथे येऊ लागले. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची म्हणजे आधीच्या वाटसरूने दाखवलेली वाट.

आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची असते. चेन्नईचं कॉनेमरा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय ही ती तीन. म्हणजे मराठी पुस्तक कोलकात्यात, चेन्नईत, दिल्लीतही असण्याची शक्यता आहे. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी कागद आहेत. जदुनाथ सरकारांचा संग्रह कोलकात्यात आहे. मराठ्यांचा इतिहास लिहायला पुण्यालाच जावं लागतं असं नाही.

आता यात खरं पणाला काय लागलं आहे, ते सांगतो. कुठल्याही ग्रंथालयात जागा अपुरी असते. ज्या भाषेची पुस्तकं कोणी मागत नाही, ती हळूहळू तळघराकडे सरकतात, मग गठ्ठ्यात, मग यादीतून बाहेर. हैदराबादेत, इंदुरात किंवा बंगळुरात ८९१.४६ च्या फळीपुढे वर्षभर कोणी उभंच राहिलं नाही, तर ग्रंथपालाला दोष कसा द्यायचा? पुस्तकाला वाचक मिळाला पाहिजे, हे रंगनाथनचं सूत्र ग्रंथपालाइतकंच आपल्यालाही लागू आहे.

म्हणून एक काम सांगतो. या आठवड्यात तुमच्या शहरातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा. प्रवेशाची रीत विचारून घ्या, बाहेरच्या वाचकाला बसून वाचायची परवानगी अनेक ठिकाणी मिळते. ८९१.४६ कुठे आहे ते विचारा. फळीवरचं एक तरी पुस्तक काढा, आणि नोंदणीवर आपल्या नावावर घ्या किंवा तिथेच बसून वाचा. परत ठेवताना स्वतः फळीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा. कारण टेबलावरच्या पुस्तकांवरून कर्मचाऱ्यांना कळतं की हे कोणीतरी वाचतंय.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत शोधत राहा. नमस्कार.