स्लॉट : खाचेपासून वेळेपर्यंत

पैठण रस्त्यावरच्या चितेगावात मिलिंग मशीनवरचा कामगार ‘टी-स्लॉट’ म्हणतो, तेव्हा त्याला टेबलातली उलट्या टी-सारखी खाच अभिप्रेत असते. बोल्टचं डोकं तीत सरकवायचं, नट आवळला की जॉब हलत नाही.

मुळात हा शब्द शरीरावरचा. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा छातीच्या हाडाजवळचा खळगा म्हणजे स्लॉट! पुढे नाणं टाकायच्या फटीवरून अख्खं यंत्रच ‘स्लॉट मशीन’ झालं. रेल्वे स्टेशनवरचं, वजनासोबत भविष्य छापून देणारं यंत्रही त्याच कुळातलं, तसं निरुपद्रवी. जुगाराच्या यंत्रांना गोव्यात 1992च्या कायदादुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांची दारं उघडली.

2021मध्ये लशीसाठी घरोघरी ‘स्लॉट मिळाला का?’ सुरू झालं. खाच आता घड्याळात होती.