डावा हात आणि झाडीपट्टीचें नाट्यसंगीत

धानाची कापणी आटोपून हिंवाळा पडला, म्हणजे चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलप्रदेशांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें नाटकमंडळ्यांचें मुख्य ठाणें. मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्तानें गांवोगांव मंडप पडतात; रात्रीं उभें राहिलेलें नाटक उजाडेपर्यंत चालतें. हीच झाडीपट्टीची रंगभूमि. तिच्या परशुराम खुणे या नटास २०२३ सालीं पद्मश्री मिळाली.

येथील गाणें प्रेक्षकांसमोर गाइलें जातें; म्हणून साथीच्या वाद्याचा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. गाणारा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. पट्ट्यांचें वाद्य मात्र पायरी सोडीत नाहीं. पेटीवरचा हा आक्षेप जुनाच. आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीला दार बंद केलें, तें मुख्यतः अशाच कारणांनीं. सत्तरीच्या दशकांत तें किलकिलें झालें. मराठी रंगभूमीनें एवढें सोवळें पाळलें नाहीं. बालगंधर्वांच्या गाण्यास ऑर्गन असे, आणि मींड भरून काढावयास शेजारीं सारंगी.

हातपेटी वाजविणाराचा डावा हात भात्याला बांधलेला. ऑर्गनचा भाता पायाखालीं गेला, हात सुटला, तरी स्वर जागचा हलेना. तो हालला विजेमुळें. १९६४ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांनीं बनविलेल्या सिंथेसायझरमध्यें पट्टी दाबल्यानें वारा सुटत नाहीं. विजेचा ठराविक दाब निघतो, आणि त्याप्रमाणें आंदोलकाचा स्वर चढतो वा उतरतो. या दाबांत दुसऱ्या, मंद आंदोलकाची लहर मिसळली, कीं स्वर कंप पावतो. तीच लहर आवाजाच्या जोरावर सोडली, तर नाद लहानमोठा होतो. नादाच्या गाळणीवर सोडली, तर कोणी गातांना तोंड उघडमीट करावें तसा भास होतो. १९७० च्या मिनिमूगवर डाव्या बाजूस दोन चाकें आलीं: एक स्वर वाकविण्याचें, दुसरें लहर वाढविण्याचें. पुढें विजेच्या दाबाची जागा आंकड्यांनीं घेतली, पण चाकें बहुधा राहिलीं.

झाडीपट्टींत आतां ऑर्गनच्या जोडीला वा जागीं कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड दिसतात. डाव्या हाताला पुन्हा काम मिळालें. सारंगी न बाळगतां मींड काढतां येते. मात्र बहुतेक कीबोर्डांत चाक फिरविलें, कीं दाबलेल्या साऱ्याच पट्ट्या एकदम वाकतात, आणि खालीं धरलेला षड्जही ओढला जातो. (तंबोऱ्यावर असा प्रसंग येत नाहीं, हें गवयांचें भाग्यच!) जाणता वादक म्हणून आधारस्वर सोडून एकट्या पट्टीवर मींड घेतो, आणि तेवढ्या क्षणापुरता गाणारा नट षड्जावांचून, आपल्याच कानाच्या भरंवशावर उभा असतो.