पहिल्या फेरीत रनिंग बॅक घ्यायचा का? सेक्वॉन बार्कलीवरून पेटलेला वाद नेमका काय आहे?

२६ एप्रिल २०१८ ची रात्र. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनमध्ये एनएफएलच्या ड्राफ्टची पहिली फेरी सुरू होती. न्यूयॉर्क जायंट्सने दुसऱ्या क्रमांकावर सेक्वॉन बार्कली या रनिंग बॅकचं नाव दिलं आणि टीमच्या चाहत्यांचे तिथल्या तिथे दोन गट पडले.

गंमत म्हणजे बार्कली जबरदस्त खेळाडू आहे, यावर दोन्ही गटांचं एकमत होतं. १०५ किलोंच्या आसपास वजन, तरी ४० यार्ड धावायला त्याला ४.४० सेकंद पुरायचे. पेन स्टेट विद्यापीठाकडून खेळताना त्याने तीन वर्षं भल्याभल्यांना चकवलं होतं. वाद वेगळाच होता. खेळाडू कितीही भारी असला, तरी रनिंग बॅकसाठी दुसरा क्रमांक खर्च करायचा का?

आज सात-आठ वर्षांनीही अमेरिकन फुटबॉलचे चाहते हा मुद्दा निघाला की बार्कलीचंच उदाहरण देतात. आणि दोन्ही बाजूंचे लोक देतात.

आधी थोडी ओळख: रनिंग बॅक करतो काय?

इथे फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोचा नाही, अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. यात चेंडू पुढे नेण्याचे मुख्य मार्ग दोन. एक तर क्वार्टरबॅक तो हाताने लांब फेकतो आणि सहकारी झेलतो. किंवा क्वार्टरबॅक चेंडू मागे उभ्या असलेल्या खेळाडूच्या हातात देतो आणि तो छातीशी कवटाळून समोरच्या गर्दीतून वाट काढत पळतो. हा पळणारा म्हणजे रनिंग बॅक.

कबड्डीतला रेडर डोळ्यांसमोर आणा. अंगावर येणाऱ्यांना हुलकावणी द्यायची, पकडला तरी रेटत पुढे जायचं. फरक एवढाच की इथे पकडणारे सव्वाशे-दीडशे किलोंचेही असतात आणि एका सामन्यात पंधरा-वीस वेळा अंगावर येतात. रनिंग बॅकच्या समोर पाच धिप्पाड खेळाडूंची एक फळी असते, ऑफेन्सिव्ह लाइन. तिचं काम प्रतिस्पर्ध्यांना ढकलून फट तयार करणं. ही फळी लक्षात ठेवा, पुढे सगळं घोडं तिथेच अडणार आहे.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे

आयपीएलमध्ये ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. एनएफएलमध्ये कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंसाठी बोली नसतेच. आदल्या हंगामात जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिला निवडीचा पहिला मान, मग त्याहून थोडी बरी, असं करत ३२ टीम सात फेऱ्यांमध्ये खेळाडू निवडतात. म्हणजे वरचा क्रमांक मिळणं हा एका अर्थी हरल्याचा मोबदला. जायंट्स २०१७ मध्ये १६ पैकी १३ सामने हरले होते, म्हणून दुसरा क्रमांक मिळाला.

पगाराचीही घासाघीस फारशी नसते. २०११ च्या कामगार करारापासून नव्या खेळाडूचा पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावर जवळपास ठरलेला असतो. दुसऱ्या क्रमांकाच्या बार्कलीला चार वर्षांचे सुमारे ३ कोटी १२ लाख डॉलर मिळाले. त्या वेळच्या हिशेबाने २०० कोटी रुपयांच्या वर. त्याच्या जागी क्वार्टरबॅक घेतला असता, तरी साधारण तेवढेच द्यावे लागले असते.

वादाचं मूळ इथे आहे. प्रत्येक टीमच्या एकूण पगारावर मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०१८ मध्ये ती १७ कोटी ७२ लाख डॉलर होती. त्याच वर्षी अटलांटाच्या मॅट रायन या अनुभवी क्वार्टरबॅकने पाच वर्षांसाठी १५ कोटींचा करार केला, म्हणजे वर्षाला ३ कोटी. नवा क्वार्टरबॅक त्याच्या साधारण चौथ्या हिश्शात मिळतो आणि उरलेल्या पैशांत बाकीची टीम भक्कम करता येते. रनिंग बॅकच्या बाबतीत ही बचत होत नाही. बार्कली एकही सामना न खेळता लीगमधल्या सर्वाधिक कमावणाऱ्या रनिंग बॅकच्या रांगेत जाऊन बसला होता.

विरोधक काय म्हणत होते?

जायंट्सचा क्वार्टरबॅक एली मॅनिंग तेव्हा ३७ वर्षांचा होता. दोन सुपर बोल जिंकून देणारा माणूस, पण उतरणीला लागलेला. त्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. वारस शोधायला याहून चांगली वेळ कुठली, असा सवाल होता. सहाव्या क्रमांकावर इंडियानापोलिसने घेतलेला क्वेंटन नेल्सन हा फळीतला खेळाडू तर पहिल्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम संघात गेला. जायंट्सची फळी तेव्हा इतकी कच्ची होती की आधी भिंत बांधा, मग झुंबर लावा, असं म्हणणारे कमी नव्हते.

दुसरा मुद्दा गणिताचा. चेंडू फेकल्यावर दर प्रयत्नाला सरासरी सहा-सात यार्ड मिळतात, धावून चार-साडेचार. आणि त्या चार-साडेचारमध्येही मोठा वाटा फळीचा, असं आकडेवारीचा अभ्यास करणारे सांगतात. शिवाय चांगले रनिंग बॅक खालच्या फेऱ्यांतही सापडतात. १९९८ मध्ये २,००८ यार्ड धावणारा टेरेल डेव्हिस सहाव्या फेरीत निवडला गेला होता. २०१० मध्ये सगळ्यात जास्त यार्ड काढणाऱ्या एरियन फॉस्टरला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं. खुद्द २०१८ मध्येही निक चब हा उत्तम रनिंग बॅक ३५ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता.

समर्थकांचं म्हणणं साधं होतं. क्वार्टरबॅक निवडणं म्हणजे मटका. त्या पाचांपैकी जॉश रोझनला त्याच्या टीमने एका हंगामात दुसरीकडे धाडलं, तर तिसऱ्या क्रमांकाचा सॅम डार्नोल्ड न्यूयॉर्क जेट्सकडे तीनच हंगाम टिकला. मग खात्रीचा हिरा समोर असताना जुगार कशाला? टीमचे जनरल मॅनेजर डेव्ह गेटलमन याच मताचे होते. रनिंग बॅकची किंमत घसरली आहे हा विचार त्यांनी धुडकावून लावला आणि पत्रकारांसमोर कीबोर्ड बडवायची नक्कल करून आकडेवारीवाल्यांची टर उडवली. ही नक्कल पुढे त्यांना अनेक वर्षं ऐकवली गेली. (अर्थात विरोधकांचीही एक गोची आहे. त्या पाचांमध्ये जॉश ॲलन सातवा आणि लमार जॅक्सन ३२ वा गेला. दोघेही पुढे लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. पण तेव्हा ‘क्वार्टरबॅक घ्या’ म्हणणाऱ्या किती जणांच्या तोंडी जॅक्सनचं नाव होतं?)

मग झालं काय?

पहिल्या वर्षी समर्थक जिंकले असं वाटलं. बार्कलीने धावून १,३०७ यार्ड काढले, वर ९१ झेल घेतले. एकूण दोन हजारांच्या वर यार्ड आणि आक्रमणातल्या सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार. टीम मात्र १६ पैकी ११ सामने हरली. म्हणजे आकडे बार्कलीचे आणि निकाल विरोधकांचा.

२०१९ मध्ये घोटा दुखावला. २० सप्टेंबर २०२० ला शिकागोमध्ये, हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात, गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटला आणि वर्ष संपलं. २०२१ तर चाचपडण्यातच गेलं. २०२२ मध्ये तो पुन्हा १,३१२ यार्ड धावला आणि टीम प्लेऑफमध्ये पोहोचली. जायंट्सच्या सहा वर्षांत तेवढं एकदाच.

आता करार नवा करायची वेळ आली. मला विचाराल तर या सगळ्या कथेतला सगळ्यात बोलका दिवस ड्राफ्टचा नाही, ७ मार्च २०२३ चा आहे. त्या दिवशी जायंट्सने क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा करार दिला आणि बार्कलीवर ‘फ्रँचायझी टॅग’ लावला.

हा टॅग म्हणजे करार संपला तरी टीम खेळाडूला एका ठरलेल्या रकमेवर आणखी एक वर्ष अडवून ठेवू शकते. रक्कम त्याच जागेवर खेळणाऱ्या महागड्या खेळाडूंच्या पगारावरून ठरते. २०२३ मध्ये क्वार्टरबॅकसाठी ती ३ कोटी २४ लाख डॉलर होती, रनिंग बॅकसाठी १ कोटीच्या जेमतेम वर. रनिंग बॅकचे पगार कमी म्हणून टॅग स्वस्त, आणि टॅग स्वस्त म्हणून टीमला मोठा करार करायची घाई नाही.

वयाचं गणित मांडलं की हे किती बोचरं आहे ते कळतं. हायस्कूल संपल्यावर तीन वर्षं एनएफएलमध्ये येता येत नाही. म्हणजे खेळाडू २१ व्या वर्षी येतो. चार वर्षं पहिला करार, पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्ष टीमच्या मर्जीवर, वर एखादा टॅग. मनासारखा भाव मागायची संधी येईपर्यंत तो २७ वर्षांचा झालेला असतो. आणि नेमकं २७-२८ नंतर रनिंग बॅकचं शरीर साथ सोडतं, असं टीम धरून चालतात. रॅम्सने टॉड गर्लीला २०१८ मध्ये पावणेसहा कोटींचा नवा करार दिला. गुडघ्याने दगा दिला आणि दोन वर्षांत त्याला सोडूनही दिलं. डॅलसच्या इझिकिएल इलियटला २०१९ मध्ये सहा वर्षांचे ९ कोटी कबूल केले, २०२३ मध्ये नारळ. चाहता म्हणून ‘पैसे देऊ नका’ म्हणणं सोपं आहे. पण ज्या वर्षांत हाडं झिजली ती वर्षं स्वस्तात वापरली गेली, हे खेळाडूंचं म्हणणंही खोटं नाही. जुलै २०२३ मध्ये लीगमधले बडे रनिंग बॅक याच विषयावर झूमवर एकत्र आले होते. बार्कलीही त्यात होता. हाती फारसं लागलं नाही.

आणि मग फिलाडेल्फिया

मार्च २०२४ मध्ये जायंट्सने त्याला जाऊ दिलं. तो गेला कुठे, तर जायंट्सच्या कट्टर शत्रूकडे, फिलाडेल्फिया ईगल्सकडे. तीन वर्षं, सुमारे पावणेचार कोटी डॉलर, म्हणजे ३१० कोटी रुपयांच्या घरात. तो फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणार नाही, अशा आशयाचं जायंट्सचे मालक जॉन मारा बोलले होते. ते कॅमेऱ्यात टिपलं गेलं आणि त्या उन्हाळ्यात टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं.

ईगल्सकडे तेव्हा लीगमधली सर्वोत्तम म्हणावी अशी फळी होती. त्यात जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियाहून आलेला रग्बीपटू, ज्याने एनएफएलमध्ये येण्याआधी अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. या फळीमागे बार्कली सुटला तो २,००५ यार्डांवर थांबला. एका हंगामात २,००० यार्ड ओलांडणारा इतिहासातला नववा खेळाडू. ऑक्टोबरमध्ये तो ईगल्सकडून पहिल्यांदाच न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियममध्ये, जायंट्सच्या घरी आला. (एडिसन, जर्सी सिटीतली मराठी मंडळी याच टापूतली, तेव्हा हा वाद काही मराठी घरांतही पोहोचला असणार.) प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्याने १७ धावांत १७६ यार्ड काढले आणि ईगल्स २८-३ ने जिंकले.

९ फेब्रुवारी २०२५ ला, स्वतःच्या २८ व्या वाढदिवशी, त्याने सुपर बोल जिंकला. प्लेऑफ धरून त्या हंगामात २,५०४ यार्ड झाले. तो विक्रम आधी होता सहाव्या फेरीतल्या टेरेल डेव्हिसच्या नावावर. त्याच हंगामात जायंट्स १७ पैकी १४ सामने हरले आणि १६ कोटींच्या जोन्सला त्यांनी नोव्हेंबरमध्येच सोडून दिलं होतं.

म्हणजे समर्थक खरे ठरले? ते तसंच म्हणतात: बघा, हिरा होता. विरोधक म्हणतात: बघा, फळी होती तेव्हाच चमकला, आणि ती ईगल्सने आधी उभी केली होती. मला विरोधकांचं पारडं किंचित जड वाटतं. मार्च २०२५ मध्ये ईगल्सने त्याचा करार दोन वर्षांनी, ४ कोटी १२ लाख डॉलर देऊन वाढवला. वर्षाला २ कोटींच्या वर जाणारा तो पहिला रनिंग बॅक. पण त्या हंगामात फळीतले खेळाडू एकेक करून जखमी होत गेले आणि बार्कलीला २,००० च्या जवळपासही जाता आलं नाही. मात्र फळीच सगळं असेल, तर तिच्यामागे याआधी पळालेल्या कुणालाच २,००० यार्ड का जमले नाहीत, याचं उत्तर विरोधकांकडेही नाही.

वाद दरवर्षी नव्याने

२०२३ मध्ये डेट्रॉईट लायन्सने १२ व्या क्रमांकावर जमीर गिब्सला घेतलं तेव्हा खिल्ली उडाली. पुढच्याच वर्षी त्याने २० टचडाऊन केले. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही. २०२५ मध्ये लास वेगास रेडर्सने ॲश्टन जेंटीला सहाव्या क्रमांकावर घेतलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात २,६०१ यार्ड धावलेला पोरगा, आणि टीमची फळी पुन्हा तशीच डळमळीत. २०१८ मधल्या जायंट्सच्या चाहत्यांचं भांडण टीमचं नाव बदलून जसंच्या तसं सुरू झालं.

आणि जायंट्स? बार्कली गेल्यावर त्यांनी २०२४ मध्ये पाचव्या फेरीत टायरोन ट्रेसीला घेतलं. पहिल्याच वर्षी तो ८३९ यार्ड धावला. २०२५ मध्ये चौथ्या फेरीत कॅम स्कॅटेबो आला, अंगावर धावून जाणारा, आणि काही आठवड्यांत चाहत्यांचा लाडका झाला. ऑक्टोबरमध्ये त्याने ईगल्सविरुद्ध तीन टचडाऊन केले. त्याच महिन्यात, फिलाडेल्फियाच्या मैदानावर, त्याचा घोटा निखळला आणि हंगाम संपला.