पाण्याला ‘जोप्पो’ म्हणणारी माणसे

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. न्हावऱ्यात एखादे पोर “सर, मेरेकू नक्को” म्हणाले की माझी जीभ आपोआप वळते, “मुझे नहीं चाहिए म्हण.” हा ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’चाच भाऊ, आणि माझ्या घरी अम्मी आजही तोच वापरते. तरी मला दख्खनीची फारशी काळजी वाटत नाही. बिदरला निजामी नावाच्या कवीने पंधराव्या शतकात ‘कदमराव पदमराव’ लिहिले, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने ‘किताब-ए-नवरस’ लिहिले. उद्या बोलणारा कोणी उरला नाही तरी दख्खनी कागदावर सापडेल.

निहालीचे तसे नाही.

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुका आहे. तिथे सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनबर्डीसारख्या काही गावांत निहाली बोलतात. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. पाण्याला ते ‘जोप्पो’ म्हणतात, डोळ्याला ‘जिकिट’. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात स्टेन कोनो यांनी 1906 साली तिला मुंडा भाषांच्या खंडात, कोरकूच्या शेजारी बसवले. पुढे नेदरलँड्सच्या कायपर यांनी 1962 मध्ये तिचा एकेक शब्द तपासला. कोरकूचे शब्द निघाले, द्रविड निघाले, मराठी-हिंदी निघाले. आणि जवळपास पाव हिस्सा असा उरला की त्याचे नाते कुठल्याच भाषेशी जुळेना. म्हणजे मराठी, कोरकू या भूमीत रुजण्याआधीच्या कुणाचा तरी आवाज त्या शब्दांत असू शकतो.

आणि आपण तो कसा ऐकला? रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या ग्रंथात नोंदवले आहे की जुन्या मराठी कागदपत्रांत ‘नहाल, भिल्ल, कोळी’ हा शब्दसमूह डोंगरी लुटारूंसाठी सर्रास येतो. एका अख्ख्या समाजाचे नाव आपल्या दप्तरात आले ते असे. (एखाद्या जमातीचे नाव एकदा चोरीला चिकटले की काय होते, हे शिरूर-दौंड भागात पारध्यांना विचारावे.) त्यांची भाषा मुद्दाम केलेली सांकेतिक बोली असावी, अशीही शंका विद्वानांनी घेतली. आज अनुसूचित जमातींच्या यादीत ‘निहाल’ हे नाव कोरकूच्याच नोंदीत येते. जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषकांची भाषा वेगळी छापत नाहीत. त्यामुळे निहाली तिथेही दिसत नाही.

अमेरिकेतल्या वाम्पानोआग लोकांची गोष्ट इथे आठवते. 1620 मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आलेले इंग्रज त्यांच्याच किनाऱ्यावर उतरले. जॉन एलियट या पाद्र्याने त्या भागातल्या भाषेत संपूर्ण बायबल छापले, 1663 मध्ये. छपाईच्या कामात मूळ रहिवाशांपैकी जेम्स प्रिंटर हा माणूस होता. हेतू उघड धर्मांतराचा होता. पण वाम्पानोआग लोक लिहायला शिकले आणि त्यांनी आपल्या भाषेत मृत्युपत्रे, जमिनीचे दस्तऐवज लिहिले. एकोणिसाव्या शतकात भाषा बोलणारे संपले. 1993 मध्ये त्याच समाजातल्या जेसी लिटल डो बेअर्ड यांनी या कागदांवरून ती पुन्हा उभी करायला घेतली. त्या एमआयटीत भाषाशास्त्र शिकल्या, आणि त्यांची मुलगी ती भाषा घरात ऐकत, बोलत वाढली. जमीन हिरावणाऱ्यांच्याच काळातले कागद उपयोगी पडले.

निहालीत कुणी मृत्युपत्र लिहिले नाही, खरेदीखत नाही, कुराण-बायबलही नाही. शब्दांच्या याद्या आहेत, व्याकरणाच्या नोंदी आहेत. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनी तिकडे जाऊन लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. शिरूरहून पुण्याला जाताना येरवड्याला मी ते कॉलेज किती वेळा ओलांडले असेन! आत काय जपले जाते, याचा पत्ता नव्हता.

परवा वर्गात ‘नक्को’ दुरुस्त करायला गेलो आणि थांबलो. फळ्यावर नको, नक्को, नहीं चाहिए असे तिन्ही लिहिले. मग खाली निहालीचे आकडे लिहिले: बिडूम, इरार, मोथो, नालो. पोरांनी तालात म्हणून टाकले. “सर, ये कहाँ के लोगां?” एकाने विचारले. भिंतीवरच्या नकाशात जळगाव जामोद शोधण्यात तास संपला, कारण सगळ्यांची बोटे आधी खानदेशातल्या जळगावावरच जात होती.